भंगार फोडूनच न्या

मंगळवारी सकाळी अकरा वाजता तालुका वाचनालयाच्या अभ्यासिकेत आमच्या कार्यकारिणीची सभा भरली. टेबलावर वीस जुने लॅपटॉप रचून ठेवले होते. ज्यांच्या घरी संगणक नाही, अशी मुलं-मुली स्पर्धा परीक्षेचा सराव त्यांच्यावरच करत.

ग्रंथपाल सुलक्षणा वानरे म्हणाल्या, "मेमरी वाढवली आणि प्रोसेसर बदलले, की हे आणखी काही वर्षं आरामात चालतील. मी उघडून तपासून घेतलेत."

अध्यक्ष बाबाराव खडतकरांनी हात उडवला. "बाई, मेलेल्याला सलाईन कशाला लावताय? शुद्ध भंगार आहे हे! आमचे साडू किलोच्या भावानं न्यायला तयार झालेत, उपकार माना."

साडू विलासराव टेम्पो घेऊन दारात हजरच होते.

सुलक्षणाबाईंनी वाद घातला नाही. शिपायाकडून हातोडा मागवला आणि विलासरावांच्या हातात दिला. "भाऊ, मुलांची खासगी माहिती आहे यात, तशी बाहेर जायला नको. आधी इथेच फोडा, मग तोला. वजन काही कमी होणार नाही."

विलासराव ओरडले, "अहो, फोडता काय? चांगला चालू माल आहे!"

सगळी सभा हसली. बाबाराव तेवढे हसले नाहीत. मेमरी आणि प्रोसेसर बदलण्याचा ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला.

बाबारावच चालवतात त्या कन्याशाळेतून गेल्या वर्षी विलासरावांनी लॅपटॉपचा अख्खा टेम्पो भंगार म्हणून नेला होता. त्यातला एक तरी फोडला का, हे मी बाबारावांना सभेतच विचारलं.