उपाशी पोटाचं मागणं

नदी आटली की वाळूत कलिंगडांचे वेल पसरत. त्या वेलांच्या कडेला एका झोपडीत रेवू आणि तिची आई राहायची. आई सकाळी कलिंगडांची पाटी घेऊन बाजाराला जाई, ती दिवस कलल्यावर येई. मधला सगळा दिवस रेवूचा एकटीचा.

पूर्वी असं नव्हतं. पलीकडच्या डोहात गावची पोरं पाठीला सुकलेला भोपळा बांधून पोहायला शिकत. रेवूही जायची. गोल गालांची, गोल पोटाची रेवू. एकदा दिनकर ओरडला, "रेवूला भोपळा कशाला रे? ती स्वतःच भोपळा! आपोआप तरंगते!"

सगळी हसली. रेवूही थोडी हसली. मग घरी आली, ती पुन्हा गेली नाही.

तेव्हापासून आईनं बांधून ठेवलेली भाकरी ती कावळ्यांना घाली. उन्हात डोळ्यांपुढे अंधारी येई. डोहावरचं हसणं वाळूवरून इथवर ऐकू येई. मग ती कान झाकून बसे.

एका दुपारी वेलावरच्या पिवळ्या फुलात काहीतरी थरथरलं. इवलीशी परी! फुलासारखीच पिवळी, पंख उन्हानं कोमेजलेले. मडक्यात घोटभर पाणी उरलं होतं. रेवूनं ते ओंजळीत घेऊन हळूच तिच्यापुढे धरलं. परी प्यायली, न्हाली. पंखांवर सोनेरी, निळे, जांभळे ठिपके चमचमले.

"माग बाळ, एक मागणं."

"मला बारीक कर."

परीनं कानाला हात लावला. "काय गं?"

"बारीक कर मला!"

"नुसते ओठ हलताना दिसतात. जेवलीस का तू?"

रेवूनं मान खाली घातली.

"मग कसं ऐकू येणार? उपाशी पोटाचं मागणं आम्हांला ऐकूच येत नाही. पोटभर जेव, मग माग."

रेवूनं भाकरीचं फडकं सोडलं. कांदा, ताक घेतलं. पहिला घास उतरेना.

"सावकाश," परी म्हणाली. "मी बसलेय."

दुसरा उतरला. तिसरा गोड लागला. मग लालभडक कलिंगडाची गारेगार फोड. रस कोपरापर्यंत ओघळला.

"हं, माग आता."

रेवूनं तोंड उघडलं. ठरवलेलं जिभेवर होतं, पण बाहेर आलं वेगळंच. "जेवताना माझ्याजवळ कुणीतरी असू दे."

"आलं ऐकू," परी हसली. पिवळाधमक उजेड वेलावेलावर सांडला आणि फूल रिकामं झालं.

रेवू त्या रिकाम्या फुलाकडे किती वेळ बघत बसली. मग वाळूत पावलं वाजली. दिनकरची धाकटी बहीण चिमा उभी होती, हातात फुटका भोपळा.

"रेवूताई, माझा भोपळा फुटला. दादा थांबत नाही माझ्यासाठी. तू धरशील मला? तू बुडत नाहीस ना!"

रेवूनं डोळे पुसले. "ये. आधी कलिंगड खा. जरा टेकू, मग जाऊ."

ऊन उतरल्यावर रेवू डोहात पाठीवर पडून तरंगली. तिच्या गोल पोटावर हात टेकून चिमा पाय मारत राहिली. काठावरून दिनकर काहीतरी ओरडला. पण दोघींच्या कानांत पाणी होतं. त्यांना ऐकू आलं नाही.