सांधा सुटला नाही

माणसाला लाकडाचं बोलणं कळत होतं, त्या काळची ही गोष्ट. धर्मा मिस्त्री सागाच्या अरुंद फळ्या जोडून रुंद दार करत होता. एका जुन्या फळीशेजारी त्याने कोवळी फळी ठेवली.

“अगं, तू ओली आहेस! मिस्त्रीला सांगते, उन्हात ठेवील तुला,” जुनी मिस्त्रीला ऐकू जाणार नाही अशी कुजबुजली.

“नको हो मावशी! तोवर दार होऊन जाईल आणि मी पडेन वाळवीच्या तोंडी.”

जुनीला दया आली, ती गप्प राहिली. धर्माने दोघींच्या कडांना चिकटवायचा सरस लावून त्या घट्ट आवळल्या आणि मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या.

उन्हाळ्यात कोवळी वाळून आकसू लागली. पट्ट्या हलू देईनात, सरस सोडीना. सगळी ओढ जुनीवर आली आणि ती उभी फाटली.

धर्माने सांधा चाचपला. “सांधा तर पक्का आहे. ही फळीच कमकुवत निघाली. चुलीलाच जायची.”

“मिस्त्री, ही ओली होती हो!” जुनी कळवळली.

धर्माने कोवळीवर हात फिरवला. ती आता खडखडीत कोरडी होती.

“मावशींचं वय झालंय,” कोवळी म्हणाली. “त्यांना कापून काढताना करवत तेवढी जपून चालवा, मिस्त्री. माझ्या अंगाला लागेल.”