विहिरीपलीकडचं पहिलं घर

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

आर्मेनिया नावाच्या डोंगराळ मुलखातलं एक गाव सैन्याने उठवलं. वाचलेल्या बायका पायपीट करत परक्या समुद्रकाठी आल्या. तिथे त्यांनी घरांच्याही आधी जमिनीत एक मोठा तंदूर पुरला.

रोटी एकटीला जमत नसे. एकीने लाटायची, दुसरीने हातांवर ताणायची, तिसरीने तंदुरात चिकटवायची. आणि चिकटवताना त्या उठलेल्या गावातल्या एकेका घरच्या बाईचं नाव घ्यायचं. वरच्या आळीच्या बायका विहिरीपर्यंतची नावं घेत, खालच्या आळीच्या विहिरीपासून पुढची. सगळी नावं कुणालाच पाठ नव्हती. उरलेली दुसरीला ठाऊक आहेतच, अशी प्रत्येकीची खात्री होती.

नवार्द तान्ही असताना तिची आई वाटेतच गेली. खालच्या आळीच्या झाबेलने त्या पोरीला पाठीवर घेऊन आणलं. विहिरीपलीकडचं पहिलं घर नवार्दच्या आईचं. ते नाव झाबेल घ्यायची, आणि नवार्दला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं. पुढे ती वरच्या आळीची सून झाली.

एके दिवशी वाद निघाला.

"नावं नेहमी तुमच्याच आळीपासून का म्हणून?" खालच्या आळीच्या बायका म्हणाल्या.

"मग काय तुमच्यापासून?" वरच्या आळीच्या म्हणाल्या.

बघा, जे गाव जगात कुठेच उरलं नव्हतं, त्याच्या पहिल्या घरावरून या हमरीतुमरीवर आल्या! तंदूर दोन झाले. नवार्द सासरच्यांबरोबर निघाली.

झाबेल म्हणाली, "अगं, आईचं नाव तरी घेऊन जा."

"मला ठाऊक आहे ते," नवार्द तोऱ्यात म्हणाली. शेकडो वेळा ऐकलेलं नाव कुणी विसरतं का, असं तिला खरंच वाटलं.

पुढे अबोल्यातच वर्षं गेली. नवार्दला नात झाली. नातीला आईचं नाव द्यायचं, हे तिने कधीपासून ठरवलं होतं. तिने बाळ मांडीवर घेतलं, तोंड उघडलं, आणि नाव येईना.

ती रडत खालच्या आळीच्या तंदुराकडे धावली. तिथे गवत माजलं होतं. बायका दुसऱ्या बंदरांना निघून गेल्या होत्या. एकटी झाबेल मागे राहिली होती, आणि तीही थकून भ्रमिष्ट झाली होती.

"झाबेलमावशी, माझ्या आईचं नाव सांगा हो."

"असं कसं येईल? तुमची आळी आधी सांग. मग आमची."

नवार्दने गवत उपटून तंदूर पेटवला. रोट्या चिकटवत तिने वरच्या आळीचं एकेक नाव घेतलं, एकही चुकलं नाही. विहीर आली. तिने पुढची रोटी चिकटवली आणि ती थांबली.

झाबेलने हात पुढे केले. ओठ हलले. "आता... आता आम्ही," ती म्हणाली. मग पुन्हा तेच म्हणाली. त्यापुढे काही आलं नाही. रोटी जळून कोळसा झाली तरी नवार्द वाट पाहत बसली होती.

नातीचं नाव दुसरंच काहीतरी ठेवलं. त्या वस्तीत अजूनही विहीर आली की बायका एक रोटी मुकाट्याने चिकटवतात, आणि तिथेच नावं संपतात.

तात्पर्य : आपली आठवण जिच्या तोंडी आहे, तिच्याशी अबोला धरला, तर आपलं माणूस दुसऱ्यांदा मरतं.