खालच्या आळीची दुपार

ज्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, त्यांच्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या ओढ्यावर धोंडबाची पाणचक्की होती. साऱ्या गावाचं दळण तिच्यावरच होई.

पण गावाची खोड एकच. उजाडलं, की झाडून सगळे धान्य घेऊन ओढ्यावर हजर. मग ढकलाढकली, भांडणं. ओढ्याच्या बांधात अडवलेलं पाणी पुरत नसे, चाक मध्येच अडे. दुपारी मात्र बांध पुन्हा भरे आणि पाणी फुकट वाहून जाई.

शेवटी धोंडबाने दळणावळीचा दर बदलला. म्हणाला, "सकाळी पायलीमागे चार ओंजळी पीठ माझं. दुपारी एकच."

गावात ओरड झाली. पाटलाच्या घरी गडीमाणसं होती. त्यांनी दुपार धरली. पण खालच्या आळीतल्या बाया दुपारी लोकांच्या शेतात खुरपायला जात. त्यांना सकाळ परवडेना आणि दुपार सापडेना. घरोघरी भरडलेल्या कण्या शिजू लागल्या. त्यांतली यमुना तर ओली बाळंतीण. तिच्याही वाट्याला नुसती पेज आली.

ते पाहून आळीतली तरणी पोरं काठ्या घेऊन उठली. "आज बांधच फोडतो!"

आळीतल्या बायांबरोबर खुरपायला निघालेली म्हाळसा त्यांना आडवी झाली.

"बांध फोडलात तर पीठ कुणालाच नाही," ती म्हणाली. "दुपार एकेकीला मिळत नाही, खरं. पण साऱ्या आळीचं दळण घेऊन एकीनेच गेलं तर?"

"आणि तिची मजुरी बुडाली तर?" एकीने विचारलं.

"तिच्या वाट्याची पात आपण सगळ्या मिळून खुरपू."

"माझं पीठ कमी भरलं तर, म्हाळसाक्का?" दुसरी म्हणाली.

"पोत्याला तुझ्या लुगड्याची चिंधी बांध. पहिली पाळी माझी. घट आली, तर माझ्या पोत्यातून भरून देईन."

मग एकीने पोतं बाहेर आणलं, दुसरीने आणलं, आणि बघता बघता आळीतली बैलगाडी भरली. काठ्या घेऊन निघालेली पोरंच पोती चढवू लागली.

भर दुपारी गाडी ओढ्यावर आली. भरल्या बांधाचं पाणी सुटलं आणि चाक असं गरगरलं, की धोंडबा पाहतच राहिला. "एवढं दळण, आणि एकदाही अडलं नाही!"

संध्याकाळी पहिलं पीठ यमुनेच्या घरी पोचलं. खालच्या आळीत घरोघरी भाकरी थापल्याचा आवाज घुमला. पोरांनी हलगी काढली, आणि जिला कुणी कधी पुढे बसवलं नव्हतं त्या म्हाळसेला मधोमध बसवून बायांनी फुगड्या घातल्या.

हळूहळू बाकीच्या आळ्यांनीही पाळ्या लावल्या. सकाळची गर्दी ओसरली. तेव्हा धोंडबा आपणहून चावडीवर आला आणि म्हणाला, "आता ज्या घरी बाळंतीण असेल, आजारी असेल, त्यांनी सकाळीही यावं. त्यांना दुपारचाच दर."

म्हणून जाणते सांगतात : बदललेला दर एकट्याला जड जातो, पण शेजार एक झाला तर तोच दर साऱ्यांना सोयीचा होतो.