तलावावरचा ड्रोन

एकदा एक वृद्ध कॅमेरामन आपल्या शिष्येला घेऊन भंडाऱ्याकडच्या एका जुन्या तलावावर गेले. आयुष्यभर त्यांनी कॅमेरा खांद्यावर वाहिला होता. खांदे थकले, तेव्हा त्यांनी तोच कॅमेरा आकाशात उडवायला शिकून घेतले आणि आता ती विद्या ते शलाकाला देत होते. शलाकाची गोष्ट अशी, की ड्रोन हाती आल्यापासून तिला जमिनीवर करमतच नसे. वाऱ्याचा अंदाज घेणे, ऊन प्रखर असेल तर कॅमेऱ्यावर काळी काच चढवणे, अंगठ्याच्या हलक्या दाबाने ड्रोन असा पुढे नेणे की चित्राला हिसका बसू नये, हे सारे तिने जीव ओतून आत्मसात केले होते.

त्या सकाळी तलावाची मासेमारी खुली होणार होती. वर्षातून एकदाच गावातले सगळे ढीवर, म्हणजे पिढीजात मासेमार, एकत्र पाण्यात उतरत. म्होरके सुकरामबुवा जाळे फेकत आणि मागोमाग साऱ्यांची जाळी हवेत उघडत. वरून ते कसे दिसेल, या कल्पनेनेच शलाका उजाडल्यापासून बांधावर येरझारा घालत होती.

कोवळे ऊन पाण्यावर पसरले आणि ड्रोन उठला. शलाकाच्या हातातल्या पडद्यावर विरत चाललेले धुके दिसले, कमळाची पाने दिसली, कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसे आणि त्यांच्या लांबच लांब सावल्या दिसल्या.

"गुरुजी, बघा तरी. एक धक्का नाही. असं चित्र मला आजवर साधलं नव्हतं."

गुरुजींनी पडद्याकडे पाहिले. "उत्तम आहे. आता खाली उतरव."

तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "बॅटरी भरलेली आहे, गुरुजी. वाराही नाही."

"ठाऊक आहे. उतरव."

"पण बुवा जाळं फेकायच्या बेतात आहेत. पहिली फेक पुन्हा वर्षभर मिळायची नाही."

"उतरव, बाळ."

तिने ओठ आवळून ड्रोन उतरवला. तो पिशवीत जातो न जातो तोच सुकरामबुवांचा हात फिरला. एकामागून एक जाळी हवेत फुलली आणि पाण्यावर मिटली. शलाकाचे डोळे भरून आले. ती गुरुजींकडे पाठ करून दगडावर जाऊन बसली. गुरुजी झाडाखाली निवांत सुपारी कातरत राहिले.

पाण्यातून बुवांनी हाक दिली, "काहून उतरवला, बाई? आमी त तयार होतो."

थोडा वेळ माणसे आभाळाकडे पाहत राहिली. मग मासे लागू लागले. कुणाचे जाळे पाण्याखालच्या बुंध्यात अडकले, ते सोडवायला दुसऱ्याने बुडी मारली. काठावरच्या बाया टोपल्या घेऊन पाण्यात शिरल्या. कुणीतरी गाणे धरले, चौघांनी ते उचलले. राग विसरून शलाकाही केव्हा पाहू लागली, ते तिचे तिला कळले नाही. तेवढ्यात गुरुजी उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"आता. बांधाच्या मागून उठव. उंच ने, ऊन पाठीशी ठेव. आणि जागेवर पोहोचलीस की अंगठे उचल."

"हलवायचाच नाही?"

"नाही. हलणारे खाली आहेत."

ड्रोनची घरघर गलक्यात विरून गेली. शलाकाने अंगठे उचलले. चौकटीत जाळी उघडत होती, कुठे एक, कुठे तीन, जशी माणसांना गरज पडेल तशी. सुकरामबुवांचे जाळे जड झाले. ओढताना त्यांचा पाय घसरला. शेजाऱ्याने स्वतःचे जाळे सोडून त्यांना धरले, दोघांची जाळी एकमेकांत गुंतली, आणि दोघे भिजलेले म्हातारे पाण्यात उभ्याउभ्या हसत सुटले. वर कुणीही पाहिले नाही.

उन्हे चढल्यावर गुरुजींनी तिला दोन्ही चित्रणे लागोपाठ दाखवली. पहिल्यात एकूणएक चेहरा आभाळाकडे होता. कुणी केस सारखे करत होता, कुणी हात हलवत होता. सुकरामबुवा तर जाळे हाती धरून लग्नाच्या फोटोला उभे राहावे तसे ताठ उभे होते. पाण्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

"तुझ्या हातात दोष नव्हता," गुरुजी म्हणाले. "चित्र स्थिर होतं, प्रकाश सुरेख होता. पण त्यात मासेमारी नव्हती. ती तुझ्याकडे पाहत थांबली होती. उंच गेलेल्याला वाटतं, आपण जग पाहतो आहोत. पुष्कळदा जगच त्याला पाहत असतं. जगाला आपला विसर पडेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबताना काही हातचं जातंही. पहिली फेक गेली, त्याची हळहळ मलाही वाटली."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू नुसती मान डोलावली असतीस."

शलाका यावर हसली. पडदा उचलून ती तशीच धावत काठावर गेली आणि तिने तो सुकरामबुवांपुढे धरला. ओल्या माणसांचा घोळका भोवती जमला. बुवांनी आपले जाळे वळताना, सुटताना, उघडताना पाहिले. पडदा त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

मग हलकेच म्हणाले, "असाच त माहा बाप फेकत होता. मी बी तसाच फेकतो, हे मले ठाऊकच नव्हतं."

पडदा शलाकाने त्यांच्या ओल्या हातांत तसाच राहू दिला.