गोठ्यातला पिवळा गहू

एकदा एका म्हाताऱ्या माळ्याने ऐन नाताळाच्या तोंडावर आपल्या शिष्याचं जिवापाड जपलेलं गुपित उचललं आणि भर सकाळी आळीच्या विहिरीवर नेऊन मांडलं. ऐकणारा म्हणेल, काय हा म्हातारा! शिष्याची अब्रू अशी चव्हाट्यावर आणतात का? मलाही प्रथम रागच आला होता. पण जरा धीर धरा, क्रमाने सांगतो.

वसईकडच्या एका आळीत इनासकाका नावाचे गृहस्थ राहत. फुलझाडांची लहानशी वाडी, वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं. आळीतला नाताळचा गोठा, म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा, वर्षानुवर्षं तेच सजवीत. त्या गोठ्याभोवती हिरवं रान दिसावं म्हणून आठ-पंधरा दिवस आधी परातीत माती घालून गहू पेरतात. आपण नवरात्रात घटाभोवती धान पेरतो ना, अगदी तसंच.

पण काकांचे हात आताशा थरथरू लागले होते. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी हे काम बेनीकडे सोपवलं. बेनी त्यांच्याकडे बागकाम शिकणारा सव्वीस वर्षांचा तरुण, कष्टाळू, पण भारी मानी. हौसेपोटी त्याने परातीत तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं, आणि अर्धा गहू कुजून गेला. गोठ्याभोवती जागोजागी टकलं पडली. शेजारच्या रेजिनबाय बघायला आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय रे बेनी, हा बेथलेहेमचा गोठा की शेळी चरून गेलेलं रान?"

आळी खो-खो हसली. रेजिनबाय घरी जाऊन विसरल्याही असतील, पण बेनी काही विसरला नाही. माणसाचं असंच असतं बघा, शंभर शाबासक्या विरून जातात आणि एक टोमणा मात्र घर करून बसतो.

यंदा त्याने मनाशी पक्कं केलं, कुणाच्या दृष्टीलाच पडू द्यायचं नाही. वाडीच्या टोकाला अवजारांची खोली होती, तिला खिडकी नव्हती. आत त्याने दोन पराती पेरल्या, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. वर निश्चयही केला, की यंदा कुणी हसलं, तर खुरपं काकांच्या हातात द्यायचं आणि चुलतभावाच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन बसायचं.

नाताळाला नऊ दिवस उरले तेव्हा मात्र त्याला राहवेना. "काका, चला तर खरं. बाकीच्यांचा गहू दोन बोटंसुद्धा नाही, आणि माझा वीतभर झालाय!"

काकांनी आत जाऊन पाहिलं. गहू वीतभर होता, खरंच. पण रंग पिवळाफटक, देठ दोऱ्यासारखे, निम्मे एकमेकांच्या अंगावर रेललेले.

"रंग येईल हो मागाहून," बेनी घाईघाईने म्हणाला. "दार लावा काका, कुणी बघेल."

काकांनी दार लावलं नाही. परात उचलली आणि थरथरत्या हातांनी तशीच विहिरीवर नेली. तिथे बायका नाताळच्या फराळाची भांडी घासत होत्या, कलकल या गोड खाऊचे साचे आणि फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, करायची पातेली. काका परत आले, दुसरीही परात घेऊन गेले.

रेजिनबाय तिथे होत्याच. असणारच! "अगं बाई, याला कावीळ झाली की काय? फुग्यांचं पीठ झाकून ठेवतात रे बाबा, गहू कुणी झाकतं का?"

बायका हसल्या. बेनीचे कान लालबुंद झाले. त्याने कमरेचं खुरपं काढलं आणि विहिरीच्या काठावर आपटलं. "हे तुमचं तुम्हाला, काका. उद्यापासून मी येणार नाही. तुमच्यावर विश्वास ठेवला मी!"

काका काठावर टेकले. त्यांचाही जीव हलला होता. त्यांच्यामागे ती वाडी बघणारं दुसरं कुणी नव्हतं. पण आवाज त्यांनी शांत ठेवला.

"रेजिनबाय चेष्टेत का होईना, खरं बोलली बघ," ते म्हणाले. "फुग्यांच्या पिठातलं आंबवण पीठच खाऊन वाढतं. त्याला ऊब लागते, उजेड नको असतो. म्हणून ते झाकायचं. गव्हाचं निराळं. त्याच्या दाण्यात आईने बांधून दिलेली चार दिवसांची शिदोरी असते. उजेड दिसला की रोप थांबतं, हिरवं होतं, आपलं अन्न आपण रांधायला लागतं. उजेड दिसला नाही तर ते बापडं त्याच्या शोधात नुसतं वर पळत सुटतं. सगळी शिदोरी पळण्यात संपते, कणा बांधायला काही उरत नाही. तू ज्याला वाढ म्हणतोस ना बाळा, ती त्याची वणवण आहे."

बेनी खाली मान घालून उभा होता. "मग आता ठेवू की उन्हात," तो पुटपुटला.

"ठेवलास तर रंग येईल. पण लांबलेला देठ काही आखूड होत नाही, वाऱ्याने आडवा पडेल. हा काप. त्याच परातींत नवा गहू पेर, आणि पराती इथेच राहू देत."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. आठ दिवस थांब. मग खुरपं टाकायचं तर खुशाल टाक, मी अडवणार नाही."

बेनीने धुसफुसतच पिवळा गहू कापला, त्याची पेंढी बांधली आणि खोलीत भिरकावली. नवा गहू विहिरीवर पेरला. मग काय विचारता! येणारा-जाणारा प्रत्येक जण बोलून जाई. "दाट पेरलास रे." "पाणी शिंपड, ओतू नकोस, गेल्या वर्षी त्यानेच कुजला." "दुपारचं ऊन कडक आहे, जरा सावलीला सरकव." पहिले दोन दिवस बेनीला प्रत्येक शब्द काट्यासारखा टोचला. तिसऱ्या दिवशी त्याला यायला उशीर झाला, आणि बघतो तर रेजिनबाय पदर खोचून परातीवरच्या कोंबड्या हाकलत होत्या. "मेल्यांनो, आमच्या बेनीचा गहू आहे तो!"

आमच्या बेनीचा! बेनी केळीच्या आडोशाला थबकला. त्याला एकदम भरून आलं.

चोवीस तारखेला दुपारी गोठा सजला. गहू चारच बोटं होता, पण हिरवागार आणि ताठ. रेजिनबायनी कमरेवर हात ठेवून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "यंदा शेळी आली तर मुक्कामालाच राहील रे!" आळी हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने बेनी हसला.

आता फक्त बाळाची मूर्ती ठेवायची राहिली होती. काकांनी ती भाताच्या पेंढ्यावर टेकवायला हात पुढे केला.

"थांबा काका," बेनी म्हणाला, "टोचेल त्याला." तो धावत वाडीत गेला आणि ती पिवळी पेंढी घेऊन आला. आठ दिवस अंधारात सुकून ती सोनेरी झाली होती. बळ कधी धरलंच नव्हतं, त्यामुळे हाताला रेशमासारखी मऊ लागत होती. त्याने ती गव्हाणीत पसरली आणि बाळाला अलगद वर निजवलं.

 काकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि विहिरीवरून उचलून ठेवलेलं खुरपं पुढे केलं. "घे. आठ दिवस झाले. टाकायचं तर टाक."

बेनीने ते कमरेला खोचलं. मग गळ्यातली किल्ली काढली आणि काकांच्या हातावर ठेवली.