झिपरीला दिलेली पूड

काळ मोजायची कुणाला घाई नव्हती, त्या दिवसांतली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या अलीकडे एक गाव होतं. तिथे कोंडाबाई नावाची एक विधवा बाई राहत असे. ती मागावर घोंगड्या विणायची. स्वभावाने मायाळू. कुणाच्या घरी आजारपण आलं की न बोलावता जाऊन उशाशी बसायची.

मागावर बसून बसून तिचे गुडघे धरले होते. आठवड्याच्या बाजारात एक औषधवाला यायचा आणि फडक्यावर वेगवेगळ्या चूर्णांचे ढीग मांडून बसायचा. हे खोकल्याचं, ते पोटदुखीचं, ते अंगदुखीचं. त्याला नाडी दाखवावी लागत नसे. दुखणं सांगायचं, पानात बांधलेलं औषध घ्यायचं आणि घरी जायचं. नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडाच्या सालीची पूड कोंडाबाईला चांगली लागू पडली. चिमूटभर घेतली की गुडघे मोकळे व्हायचे.

मग ती जास्तीची पूड आणून ठेवू लागली. शेजारणी कंबर धरून आल्या की त्यांच्या हातावर चिमूट ठेवू लागली. त्यांना आराम पडायचा. "कोंडाबाईंच्या हाताला गुण आहे," असं गाव म्हणू लागलं. ते ऐकायला कोंडाबाईला आवडू लागलं, आणि हळूहळू ते खरंही वाटू लागलं.

दर वर्षी पिकं निघाली की बिराप्पा धनगर मेंढरं घेऊन त्या गावाच्या शिवारात उतरायचा. लोकर कोंडाबाईला द्यायचा. तिला अक्का म्हणायचा. त्याच्याबरोबर झिपरी नावाची कुत्री असे. अंगावर दाट केस, डोळे मधासारखे. लांडग्याची चाहूल तिला सगळ्यांच्या आधी लागायची. बायको गेल्यापासून बिराप्पा माणसांशी कमीच बोलायचा. जे काही बोलायचा ते झिपरीशी.

एका वर्षी डोंगर उतरताना झिपरीचा पुढचा पाय मुरगळला. त्याच सुमारास घाटापलीकडून निरोप आला की बिराप्पाची बहीण आजारी आहे. मेंढरं सोबतच्या भावाच्या हवाली करून तो कोंडाबाईच्या दारात आला. झिपरी मागून लंगडत आली.

"अक्का, हिला घाट चढवणार नाही. तुमच्याकडे ठेवू का?"

"विचारतोस काय? ठेव."

"फार हिंडू देऊ नका. पायाला विसावा मिळाला की बरी होईल. आणि दुखणं वाढलंच, तर नदीपलीकडे गुणाजी वैद्य आहेत. जनावरांचं तेच बघतात. त्यांना दाखवा."

"तू बहिणीकडे बघ. हिची काळजी माझ्यावर सोड," कोंडाबाई म्हणाली.

बिराप्पाने झिपरीच्या कानामागे खाजवलं आणि तो निघून गेला.

कोंडाबाईने झिपरीला मागाजवळ जुनी घोंगडी अंथरून दिली. दिवसभर ती विणायची आणि झिपरी तिच्याकडे बघत पडून राहायची. पण उठताना, कूस बदलताना झिपरी कण्हायची. तो आवाज कोंडाबाईच्या काळजाला लागायचा. तिला स्वतःचे गुडघे आठवायचे.

नदीपलीकडे जायचं म्हणजे आधी उन्हातून नदीच्या उतारापर्यंत चालायचं, मग नावेची वाट बघत बसायचं. इतक्याशा लंगडण्यासाठी तिथवर जायचं का, असं तिच्या मनात आलं. दुखणं ते दुखणंच, माणसाचं काय आणि कुत्र्याचं काय. तिने डबा उघडला, चिमूटभर पूड तुपात कालवली आणि भाकरीच्या तुकड्याला लावून झिपरीपुढे धरली. झिपरीने शेपूट हलवत ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी झिपरी अंगणात फिरून आली. कोंडाबाईला धन्य वाटलं. पाणवठ्यावर ती म्हणाली, "मुकं जनावरसुद्धा माझ्या पुडीने उठून बसलं." बायकांनी कौतुकाने माना हलवल्या.

झिपरीला दुखेनासं झालं म्हणून ती पळू लागली, आणि पळाली म्हणून पाय पुन्हा सुजला. मग कोंडाबाईने सकाळ-संध्याकाळ पूड सुरू केली. तरी लंगडणं जाईना, तेव्हा चिमूट मोठी केली.

पुढे झिपरीने भाकरीवरून तोंड फिरवलं. मग तिला ओकाऱ्या होऊ लागल्या. एका सकाळी परसात तिची विष्ठा कोंडाबाईला दिसली. डांबरासारखी काळी होती. मनात एक शंका डोकावली आणि तिने ती तिथेच दाबून टाकली. पूड द्यायचं तिने थांबवलं; पण नदीपलीकडे मात्र ती गेली नाही. गेलं तर काय काय झालं ते सांगावं लागलं असतं. आज उतार पडेल, उद्या पडेल, असं स्वतःला समजावत ती माग चालवत राहिली.

अशातच बिराप्पा परतला. बहिणीला बरं वाटत होतं, म्हणून तो हसतमुखाने आला होता. झिपरीने त्याला पाहून उठायचा प्रयत्न केला, पण तिचे पाय खालीच दुमडले. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचं तोंड उघडून पाहिलं. एरवी लालसर असणाऱ्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"अक्का, हिला काय झालं? काही खाण्यात आलं का? काही दिलं होतं का?"

दाराशी शेजारणी जमल्या होत्या. ज्यांच्या हातावर कोंडाबाईने आजवर चिमूट ठेवली होती, त्याच त्या.

"भाकरी आणि दूध," कोंडाबाई म्हणाली. "दुसरं काय देणार मी?"

शब्द बाहेर पडले तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं, इतके ते सहज आले होते.

"तसं नाही अक्का," बिराप्पा ओशाळून म्हणाला. "तुमच्यापेक्षा जास्त हिला कोण जपणार? घाबरलो म्हणून विचारलं."

त्याने विचारल्याबद्दल माफी मागावी, तसा त्याचा सूर होता. कोंडाबाईची मान खाली गेली. पाणवठ्यावर जे तिने ऐकवलं होतं, ते बायकांना आठवत असणार. पण त्यांच्यापैकीही कुणी बोललं नाही.

बिराप्पाने झिपरीला आपल्या घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. कोंडाबाई मागोमाग निघाली. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं लोकांच्या नजरेत आलं असतं. नावेत ती त्याच्यासमोर बसली आणि सगळा वेळ पाण्याकडे बघत राहिली.

गुणाजी वैद्यांच्या अंगणात पुष्कळ लोक होते. कुणी शेळी आणली होती, कुणी बैल. वैद्यांनी झिपरीला पाहताच तिला पुढे घेतलं. डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोटावर हात ठेवला. झिपरी कळवळली.

"पोटातलं आहे. हिला काही औषध दिलं होतं?"

बिराप्पानेच उत्तर दिलं. "नाही वैद्यबुवा. या अक्का घरच्यासारख्या आहेत. त्यांनी जीव लावून सांभाळलं."

वैद्यांनी कोंडाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नसतं.

"मग कुठे काही विषारी खाल्लं असेल," वैद्य म्हणाले. "पोट रिकामं करायला हवं. ओकारीचं औषध देतो. फार जहाल आहे. आत जखम असती तर मी याला हात लावला नसता, रक्त थांबलंच नसतं. पण औषध काही दिलेलं नाही म्हणता, तर हाच उपाय."

ते मुळी उगाळू लागले. सहाणेचा तो घासल्याचा आवाज कोंडाबाईच्या कानात भरून राहिला. आता सांगावं, असं दर घासण्याला तिला वाटे आणि जीभ हलत नसे. आधी बोलली असती तर ती नुसती चूक ठरली असती. आता बोललं तर चूकही आणि लबाडीही, सगळ्या अंगणासमोर. औषध वाटीत पडलं. बिराप्पाने झिपरीचं डोकं मांडीवर घेतलं. वैद्यांनी वाटी तिच्या तोंडाशी नेली.

"थांबा," कोंडाबाई म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की तिला पुन्हा म्हणावं लागलं.

"थांबा. मी दिलं आहे. वाळुंजाच्या सालीची पूड. माझ्या गुडघ्यांसाठी आणलेली."

वैद्यांनी वाटी खाली ठेवली. ते रागावले नाहीत. "किती? कशातून? शेवटची कधी दिली?" एवढंच त्यांनी विचारलं. कोंडाबाईने सगळं सांगितलं. चिमूट मोठी केल्याचं सांगितलं, काळी विष्ठा पाहिल्याचंही सांगितलं. सांगताना तिने डोळे वर केले नाहीत.

वैद्यांनी वाटीतलं औषध मातीत ओतून टाकलं. "बाई, कुत्रं म्हणजे लहान माणूस नव्हे. त्याचं पोट वेगळं, रक्त वेगळं. जी पूड तुमचे गुडघे मोकळे करते, ती हिच्या आतड्याला चरे पाडते. बरं झालं बोललात. ही वाटी पाजली असती तर ही आज हातची गेली असती. पूड देणं थांबवलंत त्याच दिवशी आल्या असतात, तर इतकं झालं नसतं."

झिपरी वैद्यांकडेच राहिली. पेज आणि पोटातल्या जखमेवरचं औषध यांवर ती तगली. पण तिच्या अंगातली ताकद गेली ती गेलीच. मेंढरांमागे धावणं, घाट चढणं तिच्या नशिबी पुन्हा आलं नाही.

परतीच्या नावेत बिराप्पा रिकामी घोंगडी मांडीवर घेऊन बसला होता. कोंडाबाईला वाटत होतं, त्याने दोन शब्द सुनावावेत.

"अक्का," शेवटी तो म्हणाला, "पूड मायेपोटी दिलीत. ते मला कळतं. पण मी दारात विचारलं, तेव्हा..."

नाव काठाला लागली आणि तो आधी उतरला.

मेंढरं पुढे न्यायची वेळ आली. बिराप्पाने झिपरीला वैद्यांच्याच अंगणात ठेवलं. कोंडाबाईचं घर जवळ होतं, अंथरलेली घोंगडी तशीच होती. पण त्याने तिला विचारलं नाही, आणि आपणहून ‘ठेव’ म्हणायला तिला तोंड नव्हतं.

त्यानंतर कोंडाबाई दर बाजाराच्या दिवशी नदी ओलांडून झिपरीला भेटायला जाऊ लागली. पहिल्यांदा गेली तेव्हा झिपरी आपल्याला ओळखून दूर होईल असं तिला वाटलं होतं. झिपरी सावकाश उठून आली आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून निजली. गावाने काही म्हटलं असतं तर कोंडाबाईने ते सोसलं असतं. हे मात्र तिला सोसवेना. ती तिथेच खाली बसली आणि तिने पदरात तोंड लपवलं.

पुढे एकदा एक नवी सून आपलं लंगडणारं कुत्रं घेऊन तिच्याकडे आली. "आत्याबाई, तुमच्याकडे पूड असते म्हणे."

"पूड आहे," कोंडाबाई म्हणाली, "पण ती याची नाही." आणि तिने त्या मुलीला झिपरीची गोष्ट सांगितली. पूड दिल्याची सांगितली, आणि दारात खोटं बोलल्याचीही सांगितली. सांगताना तिचे कान तापले, तरी तिने काही गाळलं नाही. मग माग तसाच सोडून ती उठली आणि त्या मुलीबरोबर नावेकडे चालू लागली.

बोध असा: मुक्या जिवाला जाणत्याला विचारल्याशिवाय औषध देऊ नये, आणि चुकून दिलंच तर लाज बाजूला ठेवून आधी ते सांगावं.